तुमचा आकडा आणि फायनान्सचा आकडा

वाचकाचं पत्र:

“आठ महिन्यांपासून एका कंपनीच्या रिपोर्टिंग टीममध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करते. दर महिन्याचा विक्रीचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. गेल्या मिटिंगमध्ये माझ्या रिपोर्टात महिन्याची विक्री १,२४,३०,००० होती आणि फायनान्सच्या कागदावर १,१३,९०,०००. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘यातला खरा कुठला?’ मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन रात्रभर क्वेरी (डेटाबेसमधून आकडा काढायला लिहिलेल्या ओळी) वाचली, चूक सापडली नाही. आता रिपोर्ट पाठवताना हात थरथरतो. त्यात दिवसभर ‘जरा एवढा आकडा काढून दे’ चालूच असतं, त्यामुळे नीट तपासायला वेळ मिळत नाही. पायथन शिकले तर फरक पडेल का? की डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर शिकू?”

उत्तर:

क्वेरी रात्रभर वाचून चूक सापडली नाही यात नवल नाही. स्वतः लिहिलेली क्वेरी वाचताना डोळ्यांना तेच दिसतं जे लिहिताना मनात होतं. शिवाय फरक दोन आकड्यांमधला आहे आणि तुमच्या हातात त्यातला एकच होता. दुसऱ्याच्या ओळी समोर आल्याशिवाय हिशेब लागणार नाही.

म्हणून पहिलं काम: फायनान्सकडे बेरजेचा कागद मागू नका, बेरजेमागची यादी मागा. बिल क्रमांक, ऑर्डर क्रमांक, बिलाची तारीख, कर सोडून रक्कम, आणि त्या महिन्यात निघालेल्या क्रेडिट नोटा (परत आलेल्या मालासारख्या कारणाने बिलातून रक्कम वजा करणारे कागद). क्रेडिट नोटांची वेगळी आठवण करून द्या. त्या बहुधा वेगळ्या रजिस्टरमध्ये असतात आणि “विक्रीची यादी दे” म्हटलं की येत नाहीत.

यादी आली की लगेच ओळीला ओळ जोडायला बसू नका. आधी दोन्हीकडचे आकडे दिवसवार मांडा आणि फरकाचा चेहरा बघा. फरक फक्त महिन्याच्या पहिल्या-शेवटच्या दोन-तीन दिवसांत असेल तर तो तारखेचा घोळ आहे. रोज साधारण त्याच टक्क्याने असेल तर एका बाजूला कर किंवा सूट धरलेली आहे. एकाच दिवशी सगळा फरक असेल तर त्या दिवशीची फाईल दोनदा चढली किंवा चढलीच नाही. आकडे हाताने टाकले जात असतील तर हिशेबनीसांची जुनी युक्ती अजून उपयोगी पडते: फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी (५४ चे ४५), आणि फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम यादीत सापडली तर ती वजा करायच्या ऐवजी मिळवली गेली असावी. खात्री नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

त्यानंतर जोडणी. ऑर्डर क्रमांक धरून तीन ढीग करा: फक्त तुमच्याकडे असलेल्या ऑर्डरी, फक्त त्यांच्याकडे असलेल्या, आणि दोन्हीकडे असून रक्कम वेगळी असलेल्या. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, हे फुल आउटर जॉइनने होतं: दोन टेबलं जोडताना जोडी न सापडलेल्या ओळीही दोन्हीकडून ठेवायच्या. एक्सेलमध्ये पहिल्या दोन ढिगांसाठी दोन्ही बाजूंनी काउंटइफ (क्रमांक समोरच्या यादीत किती वेळा आहे ते मोजणारं सूत्र) लावा. एकाच बाजूने लावलं तर दुसरा ढीग दिसतच नाही, आणि इथे बरेच जण फसतात. प्रत्येक ढीग रकमेप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि वरच्या वीस-पंचवीस ओळींसमोर कारण लिहा. कारणं चार-पाचच निघतात, तीच पुन्हा पुन्हा येतात. ती ओळखली की उरलेल्या ओळी गटागटाने सुटतात.

शेवटी जे हाती येतं ते असं दिसायला हवं. आकडे तुमचे, मधली कारणं उदाहरणादाखल:

माझा रिपोर्ट: १,२४,३०,०००
रद्द झालेल्या ऑर्डरी, ज्या गाळल्या गेल्या नाहीत: −३,१०,०००
परत आलेला माल, क्रेडिट नोटा: −४,२५,०००
जॉइनमुळे दोनदा मोजलेल्या ऑर्डरी: −२,६०,०००
या महिन्यात ऑर्डर, बिल पुढच्या महिन्यात: −३,८०,०००
मागच्या महिन्यातली ऑर्डर, बिल या महिन्यात: +४,१५,०००
बिलावर दिलेली सूट: −७५,०००
कारण न सापडलेला फरक: −५,०००
फायनान्सचा आकडा: १,१३,९०,०००

ऑफिसात याला रेको (रिकन्सिलिएशन, दोन आकड्यांचा मेळ) म्हणतात. यातली शेवटून दुसरी ओळ लपवू नका. पाच हजारांसाठी आणखी दोन दिवस घालवणं परवडत नाही, पण ते “इतर” नावाच्या ओळीत मुरवणं त्याहून वाईट. ओळ उघडी ठेवली की पुढच्या महिन्यात ती वाढली का ते कळतं. किती फरक चालेल याची मर्यादा फायनान्सबरोबर आधीच ठरवून घ्या.

तक्ता नीट बघा. सापडलेल्या सहा कारणांपैकी तुमची चूक म्हणता येतील अशी दोनच: रद्द ऑर्डरी आणि दुहेरी मोजणी. बाकीची बरीचशी कारणं व्याख्येची आहेत. तुम्ही ऑर्डरच्या तारखेने मोजता, फायनान्स बिलाच्या तारखेने. दोघं बरोबर आहात, फक्त दोघांनीही वर “विक्री” एवढंच लिहिलंय. साहेबांच्या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नव्हतं. पुढच्या रिपोर्टापासून नुसता “विक्री” हा शब्द मथळ्यात येऊ देऊ नका. “बुक झालेली विक्री, ऑर्डरच्या तारखेने, रद्द वगळून, कर सोडून” असं लांबलचक लिहा. दिसायला बोजड आहे, पण भांडणं कमी होतात.

प्रत्येक आकड्यासाठी अर्ध्या पानाची नोंद करा: नाव, काय धरलं, काय वगळलं, कुठली तारीख, कुठल्या टेबलातून, आणि या व्याख्येचा मालक कोण. मालक तुम्ही नसावं. विक्रीची व्याख्या विक्रीप्रमुख आणि फायनान्सने ठरवायची, तुम्ही ती लिहून घ्यायची आणि बदलली की तारीख टाकायची. अ‍ॅनालिस्टने व्याख्या मनानेच ठरवली की पुढचा प्रत्येक वाद तिच्याच गळ्यात येतो.

आता त्या दुहेरी मोजणीकडे वळू, कारण ही चूक फार वेळा होते आणि क्वेरी वाचून दिसत नाही. समजा ऑर्डर क्रमांक ५०१२, रक्कम ९,०००. ग्राहकाने पैसे तीन हप्त्यांत दिले, म्हणून पेमेंटच्या टेबलात तिच्या तीन ओळी आहेत. तुम्ही ऑर्डरींना पेमेंट जोडलंत, कदाचित फक्त “पैसे रोख की कार्डाने” हे दाखवायला. ऑर्डरची ओळ तीनदा उमटली आणि बेरीज झाली २७,०००. क्वेरीत एकही अक्षर चुकलेलं नाही. बहुतेक ऑर्डरींना एकच पेमेंट असल्यामुळे एकूण आकडा थोडाच फुगतो आणि खराच वाटतो.

यावर हमखास केला जाणारा चुकीचा उपाय म्हणजे रकमेच्या बेरजेत डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धर, असं सांगणारा शब्द) घालणं. तसं केलं की ९,००० च्या दोन वेगळ्या ऑर्डरी एकच धरल्या जातात, आणि आता आकडा फुगण्याऐवजी आक्रसतो. योग्य उपाय: पेमेंटचं टेबल आधी ऑर्डर क्रमांकावर गटवून प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ करा, मग जोडा. आणि सवय एवढीच लावा की प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या. ओळी वाढल्या तर थांबायचं. क्वेरीच्या सुरुवातीला कॉमेंटमध्ये लिहून ठेवा की इथली एक ओळ म्हणजे काय: एक ऑर्डर, ऑर्डरमधली एक वस्तू की एक पेमेंट. हे एक वाक्य लिहिता आलं नाही तर क्वेरी अजून तयार नाही.

एसक्यूएलच्या आणखी तीन गफलती अशाच मुक्या असतात, एरर न देता आकडा बिघडवतात. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा) लावून उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडल्यानंतरच्या गाळणीत, टाकली की ज्यांना जोडी नाही त्या ओळी गळतात आणि जॉइन गुपचूप इनर, म्हणजे फक्त जोडी असलेल्या ओळींचा, होतो. ती अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, हवी. नॉट इनच्या (“या यादीत नसलेले” ही अट) यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी नोंद, असेल तर एकही ओळ येत नाही; तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरा. तिसरी तारखेची. रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल आणि तुम्ही “१ ते ३१ च्या दरम्यान” अशी अट बिट्वीनने लावलीत, तर ३१ म्हणजे ३१ तारीख सुरू होतानाचे रात्रीचे बारा. त्यानंतरचा अख्खा दिवस बाहेर. अट अशी लिहा: १ तारखेपासून पुढे, आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी. सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितो का तेही विचारून घ्या. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर मध्यरात्रीनंतरच्या काही तासांतल्या ऑर्डरी आदल्या दिवसात पडतात, आणि महिन्याच्या सीमेवर आदल्या महिन्यात.

एक्सेलबद्दल थोडक्यात, कारण शेवटचा टप्पा तिथेच होतो. व्हीलुकअपचा (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद आणणारं सूत्र) चौथा भाग लिहिलाच नाही तर ते नेमकी जुळणी शोधत नाही, जवळपासची उचलतं आणि आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतं. तिथे फॉल्स लिहा किंवा एक्सलुकअप वापरा. आकडा म्हणून ठेवलेल्या क्रमांकाचे पहिले १५ अंकच एक्सेल धरतं, पुढच्यांचं शून्य होतं. सोळा अंकी ऑर्डर क्रमांक असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाईल) डबल-क्लिक करून उघडलीत की शेवटचा अंक गेला, आणि सेव्ह केलीत की कायमचा गेला. अशी फाईल डेटा टॅबमधून आत आणा आणि तो रकाना टेक्स्ट करा. दोन नावं डोळ्यांना सारखी दिसतात पण जुळत नाहीत, तेव्हा लेन लावून लांबी बघा. वेबवरून आलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा असते आणि जादा मोकळ्या जागा काढणारं ट्रिम तिला हात लावत नाही. सबस्टिट्यूटने कॅरॅक्टर १६० काढावा लागतो. यात कितीतरी लोकांची संध्याकाळ जाते.

शीटमध्ये १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. जुन्या एक्सएलएस साच्यात तर ६५,५३६ च. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर आकडेवारीत आल्या नाहीत, त्याला कारण हेच: पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेत प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फायली जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या आणि मर्यादेपलीकडच्या ओळी गळत होत्या. मूळ फाईलच्या ओळी आणि आत आलेल्या ओळी मोजून ताडल्या असत्या तर ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

पाठवण्याआधीची तपासणी वीस मिनिटांत होते, पण ती रिपोर्ट तयार झाल्यावर लगेच करू नका. मधे चहा घ्या, दुसरं काही करा, मग बसा. डेटातली सगळ्यात अलीकडची तारीख बघा. रात्रीचा लोड (मूळ सिस्टिममधून डेटा आत येणं) अडकला असेल तर शेवटचे दोन दिवस नसतात आणि विक्री “घटलेली” दिसते. विभागांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का? “विभाग नोंदलेला नाही” ही ओळ गाळलेली असेल तर जुळणार नाही. मागच्या महिन्याचा आकडा मागच्या रिपोर्टात होता तोच आहे का? उशिरा आलेल्या परताव्यामुळे जुने महिने हलतात. ते गोठवायचे की हलू द्यायचे हे एकदा ठरवा आणि रिपोर्टखाली लिहा. मग तीन ऑर्डरी निवडा, एक मोठी, एक परत आलेली आणि एक महिन्याच्या शेवटच्या दिवसाची, आणि मूळ सिस्टिमच्या पडद्यावर जाऊन रक्कम बघा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हे सोडू नका.

सरासऱ्यांची सरासरी काढलेली नाही ना तेही बघा. एका विभागात १० ऑर्डरी, सरासरी ५००. दुसऱ्यात ९० ऑर्डरी, सरासरी १००. दोन सरासऱ्यांची सरासरी ३००, खरी सरासरी १४०. आणि परताव्याचं प्रमाण ४% वरून ५% झालं तर ते “१% वाढलं” असं लिहू नका. ते १ टक्काबिंदूने वाढलं, किंवा २५% ने.

एक सावधगिरी चुकीच्या आकड्याची नाही, गळतीची आहे. पिव्हट टेबल (ओळींच्या गटवार बेरजा दाखवणारा एक्सेलचा तक्ता) पाठवताना मूळ शीट काढून टाकली तरी पिव्हटच्या पोटात डेटाची प्रत राहू शकते, आणि समोरच्याने बेरजेच्या आकड्यावर डबल-क्लिक केलं की मागच्या ओळी उघडतात. त्यात ग्राहकांची नावं किंवा पगार असतील तर अडचण होईल. बाहेर जाणारा पिव्हट व्हॅल्यू म्हणून पेस्ट करून नव्या फाईलमध्ये पाठवा.

“जरा एवढा आकडा काढून दे” यावर नकार हा उपाय नाही, उलट प्रश्न हा उपाय आहे. यावरून काय ठरवायचं आहे? कधीपर्यंत हवं? ऑर्डरच्या तारखेने की बिलाच्या? तिसरा प्रश्न विचारला की निम्मे जण म्हणतात, “थांब, विचारून सांगतो,” आणि ती मागणी बरेचदा परत येत नाही. जी येते तिचं उत्तर पाठवताना आकड्याखाली एक ओळ व्याख्येची लिहा आणि क्वेरी तारखेनिशी सेव्ह करा, कारण दोन आठवड्यांनी तोच माणूस तोच आकडा मागेल आणि वेगळा आला तर का ते विचारेल. मागण्यांची एक साधी यादी ठेवा: तारीख, कोण, काय, लागलेला वेळ. महिन्यात तीनदा आलेली मागणी नेहमीच्या रिपोर्टात घाला. तीच यादी दाखवून साहेबांकडे तपासणीसाठी ठरलेला वेळ मागता येतो. “वेळ मिळत नाही” या नुसत्या तक्रारीपेक्षा “गेल्या महिन्यात सुट्या मागण्यांत ३८ तास गेले” हे ऐकलं जातं.

मिटिंगमध्ये पुन्हा तोच प्रश्न आला आणि कारण हाताशी नसेल तर अंदाज सांगू नका, आणि “सिस्टिममधून आलाय” हे तर मुळीच नको. “माझा आकडा ऑर्डरच्या तारखेचा आहे, फायनान्सचा बिलाचा. फरक १०,४०,०००. त्यातला किती तारखेमुळे आणि किती चुकीमुळे ते उद्या चारपर्यंत लेखी देते,” एवढं पुरे. आणि खरंच चारच्या आत द्या, अर्धवट असेल तर अर्धवट. त्याहून बरं म्हणजे मिटिंगच्या दोन दिवस आधी रेको फायनान्समधल्या त्याच माणसाला दाखवून त्याचा होकार घ्यायचा. मग तो तुमच्या समोर नाही, बाजूला बसतो.

पाठवलेल्या रिपोर्टात चूक सापडली तर फाईल गुपचूप बदलू नका. जुनी कोणीतरी आधीच डाउनलोड केलेली असते आणि मग दोन खरे रिपोर्ट फिरतात. त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा: कुठला आकडा चुकला, आधी किती होता, आता किती, कशामुळे, आणि कुठल्या निर्णयावर परिणाम होतो. चार ओळी. माफीचे परिच्छेद नकोत, वाचणाऱ्याला नवा आकडा हवा असतो.

पायथन की डॅशबोर्ड? आत्ता दोन्ही नको. तुमच्या पत्रातल्या एकाही अडचणीवर यातलं काही औषध नाही. डॅशबोर्ड चुकीचा आकडा अधिक सुंदर दाखवेल आणि पायथन तो अधिक वेगाने काढेल. आधी एसक्यूएल पक्कं करा, विशेषतः विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून आजूबाजूच्या ओळींवरून हिशेब करणारी), कारण मागच्या महिन्याशी तुलना, धावती बेरीज, प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर ही रोजची कामं त्यांनीच होतात. मग पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच डेटा आत आणून नीट करायचं साधन), म्हणजे दर महिन्याची तीच ती कॉपी-पेस्ट थांबेल. या दोन्हींना रोज तासभर दिला तर दोन-तीन महिने पुरतात. डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर त्यानंतर, व्याख्यांची पानं तयार झाल्यावर. पायथन तेव्हा, जेव्हा दर महिन्याला वेगवेगळ्या साच्याच्या पन्नास फायली एकत्र कराव्या लागतील किंवा अंदाज बांधायचं काम येईल.

आणि या आठवड्यात दोन तास फायनान्समधल्या बिलं टाकणाऱ्या माणसाशेजारी बसा. ऑर्डर आल्यापासून बिल, क्रेडिट नोट, पैसे जमा, असं एका ऑर्डरीचं सगळं त्याच्या पडद्यावर बघा आणि प्रत्येक पायरीला विचारा की इथे कुठली तारीख पडते. चार तारखा निघतील. तुमच्या टेबलात त्यातली कुठली आहे ते त्याच वहीत लिहून घ्या.